तीन टक्क्यांचा फरक: डोक्याच्या दुखापतीवरचं स्टिरॉइड आणि ब्रिटनची क्रॅश चाचणी

मे २००४ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय चाचणीत नवे रुग्ण घेणं मध्येच थांबवलं गेलं. चाचणीचं नाव क्रॅश. तिची मुख्य कचेरी लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये होती, पैसा ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा होता आणि ४९ देशांतली २३९ रुग्णालयं तिच्यात सामील होती. डोक्याला मार लागून शुद्ध कमी झालेल्या प्रौढ रुग्णाला मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं, तर तो जगण्याची शक्यता वाढते का, एवढा एकच प्रश्न तिला सोडवायचा होता. निम्म्या रुग्णांना स्टिरॉइड मिळायचं, निम्म्यांना दिसायला हुबेहूब तसंच पण औषध नसलेलं द्रव्य. ठरवले होते २०,००० रुग्ण, झाले होते १०,००८.

आकडे वेळोवेळी तपासणाऱ्या स्वतंत्र समितीने निकाल संयोजकांपुढे उघड केला आणि भरती तिथेच थांबली. दोन आठवड्यांच्या आत स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी १,०५२ जण दगावले होते, म्हणजे २१.१ टक्के. न मिळालेल्यांपैकी ८९३, म्हणजे १७.९ टक्के. ज्या औषधाने जीव वाचतील अशी आशा होती, ते दिल्यावर जास्त माणसं मरत होती. आणि स्टिरॉइड जातीची औषधं जगभरातले डॉक्टर याच कामासाठी तीस वर्षांहून जास्त काळ वापरत आले होते.

या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण डोक्याच्या दुखापतीवर उपचार करणं आणि त्या उपचारांवर संशोधन करणं ही दोन कामं वेगवेगळ्या खात्यांची नाहीत, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

सूज उतरवणारं औषध

गोष्ट सुरू होते मेंदूतल्या गाठींपासून. १९६१ साली गॅलिसिच आणि फ्रेंच या अमेरिकन न्यूरोसर्जननी मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. गाठीभोवतीची सूज झपाट्याने उतरत होती. ग्लानीत पडलेला माणूस दोन-तीन दिवसांत बोलू लागत होता. हा गुण खरा आहे, आजही गाठीच्या रुग्णांना हे औषध देतात आणि ते लागू पडतं.

डोक्याला मार लागला की मेंदूला सूज येते, हेही खरं. कवटी हाडाची, ती ताणत नाही. आत सूज वाढली की दाब वाढतो, दाब वाढला की मेंदूला रक्त कमी पोचतं, आणि अपघातातून वाचलेला मेंदू त्या दाबाने मरू लागतो. मग गाठीची सूज ज्याने उतरते त्याने माराची सूजही उतरेल, असं कुणालाही वाटेल. तसंच वाटलं. पण दोन्ही सुजा एका जातीच्या नाहीत. गाठीभोवती रक्तवाहिन्या पाझरून पाणी साचतं. मार लागलेल्या मेंदूत पेशीच पाणी धरून फुगतात, हा भाग मोठा असतो. शिवाय जखमी माणसाच्या शरीरात त्या वेळी रक्तदाब, साखर, जंतुसंसर्ग अशी आणखी दहा प्रकरणं चालू असतात.

तरीही औषध रुळलं. १९९० मध्ये मणक्याला दुखापत झालेल्यांवरच्या एका अमेरिकन चाचणीने, आठ तासांच्या आत मोठ्या मात्रेत मिथाइलप्रेडनिसोलोन दिलं तर फायदा होतो, असं सांगितलं आणि आशेला नवी पालवी फुटली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत ६४ टक्के ट्रॉमा केंद्रं, म्हणजे दुखापतींवर उपचार करणारी केंद्रं, डोक्याच्या गंभीर दुखापतीत निम्म्याहून जास्त वेळा स्टिरॉइड देत असल्याचं दिसलं. ब्रिटनमध्ये काही विभाग देत होते, काही देत नव्हते. एकाच राष्ट्रीय आरोग्य सेवेत, एकाच तऱ्हेच्या अपघातानंतर, तुम्हाला हे औषध मिळणार की नाही ते रुग्णवाहिका कुठल्या दिशेला वळते यावर ठरत होतं.

अनुभवी डोळ्यांना का दिसलं नाही

इथे थोडं गणित करावं लागेल, कारण प्रकरणाची सगळी मेख त्यात आहे.

समजा, एका मोठ्या रुग्णालयात वर्षाला असे १०० रुग्ण येतात. तिथले निम्मे डॉक्टर स्टिरॉइडच्या बाजूचे, निम्मे विरोधातले. क्रॅशमध्ये दिसलेलेच दर धरले, तर औषध मिळालेल्या ५० पैकी १० किंवा ११ दगावतील, न मिळालेल्या ५० पैकी ९. वर्षभरात फरक पडेल तो एक-दोन मृत्यूंचा. पुढच्या वर्षी योगायोगाने आकडे उलटे येतील. एका वर्षी वयस्कर रुग्ण जास्त येतील, दुसऱ्या वर्षी मोटरसायकलवरचे तरुण. त्यात, जो रुग्ण जास्त खालावलेला दिसतो त्याला डॉक्टर औषध देऊन पाहण्याची शक्यता जास्त. म्हणजे तो दगावला तर दोष दुखापतीचा, वाचला तर श्रेय औषधाचं.

अशा परिस्थितीत वीस वर्षं न्यूरोसर्जरी केलेल्या, मन लावून काम करणाऱ्या डॉक्टरलाही आपल्या हातून नुकसान होतंय हे कळायला काही वाटच नव्हती. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. तीन टक्क्यांचा फरक माणसाच्या अनुभवात मावत नाही. तो दिसायला हजारो रुग्ण लागतात, आणि कुणाला औषध मिळणार हे डॉक्टरच्या मर्जीबाहेर ठरावं लागतं.

तोवर चाचण्या झाल्याच नव्हत्या असं नाही. १९९७ मध्ये फिल ऑल्डरसन आणि इयन रॉबर्ट्स यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा १३ चाचण्यांचा एकत्रित आढावा मांडला. सगळ्या मिळून रुग्ण सुमारे २,०००. त्यातून एवढंच निघालं की स्टिरॉइडने मृत्यू दोन टक्क्यांच्या आसपास कमी होत असतील, पण आकड्यांची अनिश्चितता इतकी मोठी की नुकसान होत असण्याची शक्यताही नाकारता येत नव्हती. तीन दशकांच्या वापरानंतरचं हे ज्ञान. या आढाव्याच्या लेखकांनी सरळ सांगितलं की मध्यम फायदा किंवा मध्यम तोटा, दोन्ही शक्य आहेत आणि उत्तर हवं असेल तर खूप मोठी चाचणी करावी लागेल.

दोन टक्के म्हणजे किरकोळ, असं वाटू शकतं. पण डोक्याचा मार ही सगळ्या जगाची दुखापत आहे. एकट्या इंग्लंड-वेल्समध्ये दरवर्षी सुमारे १४ लाख लोक डोक्याला मार लागला म्हणून आपत्कालीन विभागात येतात आणि जवळपास दोन लाख दाखल होतात. बहुतेकांचा मार सौम्य असतो. उरलेल्यांत दोन टक्क्यांनी इकडे किंवा तिकडे होणं म्हणजे देशोदेशी मिळून हजारो घरं.

कामाच्या रगाड्यात बसणारी चाचणी

एप्रिल १९९९ मध्ये क्रॅश सुरू झाली. तिचा आराखडा हृदयविकारावरच्या चाचण्यांकडून शिकून आला होता. १९८८ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने आयसिस-२ या चाचणीत १७,१८७ रुग्ण घेऊन दाखवलं होतं की हार्ट अटॅकमध्ये ॲस्पिरिनने जीव वाचतात. तिथला धडा असा होता: प्रश्न एकच ठेवा, कागद कमीत कमी ठेवा, रुग्ण भरपूर घ्या, आणि मोजायचं ते माणूस जगला की गेला एवढंच मोजा.

आता ही चाचणी प्रत्यक्ष कशी चालायची ते पाहू. रात्री रुग्णवाहिका येते. माणूस रस्त्यावर पडलेला सापडलेला, कानातून रक्त, दारूचा वास. डॉक्टर आधी श्वास आणि रक्तदाब सावरतो, मग शुद्ध मोजतो. ग्लासगो कोमा स्केल ही मोजपट्टी ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ग्लासगोत तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात. डोळे आपोआप उघडतो, हाक मारल्यावर उघडतो, की नखावर दाबल्यावर? त्याचे जास्तीत जास्त ४ गुण. बोलणं सुसंगत आहे, गोंधळलेलं आहे, की नुसते आवाज? त्याचे ५. सांगितल्यावर हात उचलतो, दुखवलं त्या जागेकडे हात नेतो, की हात आखडून घेतो? त्याचे ६. पूर्ण शुद्धीतल्या माणसाचे १५, खोल बेशुद्धीतल्याचे ३. ही मोजपट्टी आली नसती तर लंडनचा रुग्ण आणि दुसऱ्या खंडातला रुग्ण एका यादीत बसवताच आले नसते, कारण तोवर “अर्धवट शुद्धीत”, “सुस्त”, “ग्लानीत” असे शब्द जो तो आपापल्या परीने वापरत होता.

गुण १४ किंवा कमी असतील आणि मार लागून आठ तास झाले नसतील, तर रुग्ण क्रॅशमध्ये घेता यायचा. पण अट आणखी एक होती, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते: या रुग्णाला स्टिरॉइड द्यावं की न द्यावं याबद्दल उपचार करणारा डॉक्टर स्वतः साशंक असला पाहिजे. द्यायलाच हवं अशी त्याची खात्री असेल तर त्याने द्यावं. नकोच अशी खात्री असेल तर देऊ नये. दोन्ही वेळा रुग्ण चाचणीबाहेर. खरोखर माहीत नसेल तेव्हाच चाचणी. माहीत नसताना अंदाजाने देणं किंवा न देणं, हे तर रोज चालूच होतं. चाचणीने तेच काम मोजता येईल अशा पद्धतीने करायला लावलं.

मग फोन. ऑक्सफर्डच्या चाचणी केंद्राला वय, शुद्धीचे गुण, मार लागल्याची वेळ असे मोजके तपशील सांगायचे; तिकडून पाकिटाचा क्रमांक मिळायचा. जिथे फोनची सोय नव्हती तिथे क्रमांकाची पाकिटं आधीच ठेवलेली असत. पाकिटात स्टिरॉइड आहे की नाही हे डॉक्टरला कळत नसे, नर्सला नाही, नातेवाइकांनाही नाही. पहिल्या तासात २ ग्रॅम, मग ४८ तास दर तासाला ०.४ ग्रॅम. बेरीज केली तर २१ ग्रॅमहून जास्त होते. दम्याच्या झटक्यात प्रौढाला सहसा दिवसाला ४० ते ५० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन देतात; त्यावरून या मात्रेची कल्पना यावी. बाकी उपचार ज्या रुग्णालयात जसे होतात तसेच. जादा सीटी स्कॅन नाही, जादा रक्त तपासणी नाही. रुग्ण घरी गेला, दगावला किंवा १४ दिवस झाले की एक पानाचं पत्रक भरायचं.

एक पान. रात्रपाळीतल्या डॉक्टरकडून वीस पानं भरून घ्यायला गेलं तर चाचणी बंद पडते, हे ज्याने अशा विभागात एक आठवडा काढलाय त्याला सांगावं लागत नाही.

संमतीचा प्रश्न मात्र अवघड होता आणि आहे. रुग्ण बेशुद्ध, त्याला विचारता येत नाही. नातेवाईक अजून पोचलेले नाहीत, किंवा पोचलेत पण हादरलेले आहेत. त्यांच्यापुढे कागद धरून यादृच्छिक निवड, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी निवड, समजावणं आणि सही घेणं यात वेळ जातो. रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी पुढे २०११ मध्ये क्रॅशच्याच आकड्यांवरून दाखवलं की लेखी संमतीची अट असलेल्या रुग्णालयांत उपचार सुरू व्हायला सरासरी तासाभराहून जास्त उशीर होत होता. ज्या औषधाचा परिणाम मिनिटांवर ठरतो त्याच्या चाचणीत या उशिराने औषधाचा गुणही झाकला जाऊ शकतो. क्रॅशची भरती थांबली त्याच मे २००४ मध्ये ब्रिटनमध्ये चाचण्यांचे नवे नियम लागू झाले, आणि त्यांत अशा आपत्कालीन चाचणीसाठी आधी कुणा प्रतिनिधीची संमती लागणार होती. नैतिक समितीच्या मंजुरीने आधी उपचार आणि नंतर संमती अशी वाट २००६ च्या दुरुस्तीनंतर उघडली. माझं मत स्पष्ट आहे: जो नियम अनिश्चित उपचार चाचणीबाहेर बिनधास्त देऊ देतो आणि चाचणीत दिला तर अडवतो, तो रुग्णाचं रक्षण करत नाही.

निकाल आला तेव्हा

ऑक्टोबर २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये निबंध आला. औषध न मिळालेल्यांच्या १७.९ टक्क्यांच्या तुलनेत मृत्यूचा धोका स्टिरॉइडने १८ टक्क्यांनी वाढला होता. मार सौम्य असो की गंभीर, औषध लवकर मिळालेलं असो की उशिरा, फायदा होणारा गट कुठेच सापडला नाही. पुढच्या वर्षी सहा महिन्यांचा हिशेब आला. ९६.७ टक्के रुग्णांचा ठावठिकाणा लावण्यात यश आलं होतं, आणि डोक्याच्या दुखापतीनंतर माणसं कुठे कुठे विखुरतात हे पाहिलं तर ही मोठी कामगिरी म्हणावी लागेल. स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी २५.७ टक्के मरण पावले होते, न मिळालेल्यांपैकी २२.३. वाचलेल्यांना कमी अपंगत्व आलं असेल ही शेवटची आशाही गेली: मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व मिळून प्रमाण ३८.१ विरुद्ध ३६.३ टक्के.

मृत्यू नेमके कशामुळे वाढले याचं उत्तर चाचणीने दिलं नाही. जंतुसंसर्ग आणि पोटातला रक्तस्राव हे स्टिरॉइडचे नेहमीचे संशयित. पण त्यांतून या फरकाचा उलगडा होत नव्हता. काहींना हे अपुरं वाटलं. मला ते तसं वाटत नाही. कारण सापडो न सापडो, खाटेपाशी उभ्या डॉक्टरला जे हवं होतं ते मिळालं: देऊ नका.

चाचणीतल्या दोन गटांत १५९ मृत्यूंचा फरक आहे. हा आकडा वाचून प्रथम अंगावर काटा येतो आणि चाचणीचाच राग येतो. पण त्याच पाच वर्षांत, आणि त्याआधीच्या तीस वर्षांत, चाचणीबाहेर स्टिरॉइड मिळून जे गेले त्यांची कुठेही नोंद नाही. त्यांच्या घरच्यांना सांगितलं गेलं की मार जबर होता, आणि सांगणाऱ्याचाही त्यावर विश्वास होता. आज अमेरिकेतल्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या मार्गदर्शक सूचना डोक्याच्या गंभीर दुखापतीत मोठ्या मात्रेतलं मिथाइलप्रेडनिसोलोन निषिद्ध ठरवतात, आणि त्या ओळीचा आधार क्रॅश हाच आहे.

औषधापलीकडची व्यवस्था

त्याच वर्षांत ब्रिटनमध्ये दुखापतीची बाकी व्यवस्थाही बदलत होती, आणि तीही मोजमापातूनच. पूर्वीची पद्धत अशी: कवटीचा एक्स-रे काढा, फ्रॅक्चर दिसलं किंवा शंका असली तर रात्रभर जनरल वॉर्डात निरीक्षणाखाली ठेवा. जून २००३ मध्ये नाइस या संस्थेने इंग्लंड-वेल्ससाठी सूचना काढल्या आणि एक्स-रेऐवजी सीटी स्कॅनवर भर दिला. कुणाला तासाभरात स्कॅन हवा याची नेमकी यादी दिली: गुण १३ पेक्षा कमी, दोन तासांनीही १५ न झालेले, आकडी आलेली, एकाहून जास्त उलट्या, कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरची चिन्हं. दाखल रुग्णाची शुद्ध गुण १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाने पाहायची, त्यानंतर दोन तास दर अर्ध्या तासाने, मग चार तास दर तासाने, पुढे दर दोन तासांनी, इतकं बारीक त्यात लिहिलं आहे. स्कॉटलंडसाठी साइन या संस्थेने वेगळ्या सूचना काढल्या.

मँचेस्टरहून चालणाऱ्या टार्न या दुखापत नोंदवहीने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. २००५ च्या लॅन्सेटमधल्या तिच्या विश्लेषणात डोक्याला गंभीर मार लागलेल्यांपैकी एक तृतीयांश रुग्णांवर न्यूरोसर्जरी नसलेल्या रुग्णालयातच उपचार झाले होते, आणि त्यांच्या मृत्यूची शक्यता दुपटीहून जास्त होती. ज्यांना ऑपरेशन लागणार नाही त्यांना मोठ्या केंद्रात कशाला पाठवायचं, हा जुना हिशेब त्याने हलवला. नाइसच्या २००७ च्या सूचनांत गंभीर रुग्ण न्यूरोसर्जरीच्या केंद्रात हलवावेत असं आलं. २०१० मध्ये लंडनमध्ये चार मोठी ट्रॉमा केंद्रं ठरली, एप्रिल २०१२ पासून इंग्लंडभर तशी जाळी उभी राहिली. रुग्णवाहिका आता जवळचं रुग्णालय ओलांडून थेट अशा केंद्राकडे जाते. २००८ ते २०१७ या काळात गंभीर जखमींची जगण्याची शक्यता १९ टक्क्यांनी वाढल्याचं याच नोंदवहीतून दिसलं. इथे एक काळजीची गोष्ट नोंदवायला हवी: २०२३ मध्ये सायबर हल्ल्यामुळे टार्न बंद पडली आणि तिच्या जागी नवी राष्ट्रीय नोंदवही उभारावी लागली. नोंदवही ही रुग्णालयाच्या जनरेटरइतकीच जिवाशी निगडित गोष्ट आहे, आणि तिची राखण त्याच गांभीर्याने व्हायला हवी.

पुढचं औषध

क्रॅशचा निकाल नकारात्मक आला म्हणून तो गट विसर्जित झाला नाही. रुग्णालयांचं जाळं तयार होतं, पद्धत तयार होती. त्यांनी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड घेतलं. पाळीत फार रक्त जात असेल तर आपल्याकडेही डॉक्टर ज्या गोळ्या देतात, तेच हे औषध. जपानमध्ये ओकामोटो दांपत्याने १९६० च्या दशकात शोधलेलं, स्वस्त, पेटंट संपलेलं. क्रॅश-२ मध्ये ४० देशांतले २०,२११ जखमी घेतले, त्यांत भारतातली रुग्णालयंही होती. २०१० मध्ये निकाल आला: रक्तस्राव होणाऱ्या जखमींत मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा हा उपयोग आला.

क्रॅश-३ खास डोक्याच्या दुखापतीसाठी, १२,७३७ रुग्णांची, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा निकाल सरळसोट नव्हता आणि त्यावर वाद झाले. तीन तासांच्या आत चाचणीत घेतलेल्यांत डोक्याच्या दुखापतीने होणारे मृत्यू औषध मिळालेल्यांत १८.५ आणि न मिळालेल्यांत १९.८ टक्के, फरक दिसत होता, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का नव्हता. सौम्य आणि मध्यम दुखापतीत फायदा स्पष्ट, गंभीर दुखापतीत जवळपास नाही. हे पटण्याजोगं आहे. औषध रक्तस्राव वाढू देत नाही. मेंदूचा जो भाग आधीच चिरडला गेला त्याला ते परत आणू शकत नाही. रक्तस्रावावरच्या चाचण्यांचे ४०,००० हून जास्त रुग्ण एकत्र पाहिल्यावर दर १५ मिनिटांच्या उशिरागणिक फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटतो असंही दिसलं होतं. नाइसच्या २०२३ च्या सूचनांत हा सगळा वाद एका सावध वाक्यात उतरला आहे: गुण १२ किंवा कमी असतील, बाहेर कुठे मोठा रक्तस्राव दिसत नसेल आणि मार लागून दोन तास झाले नसतील, तर स्कॅनची वाट न पाहता २ ग्रॅम शिरेतून देण्याचा विचार करा.

मध्ये कोविड आला. ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीत पहिला रुग्ण १९ मार्च २०२० ला घेतला गेला आणि १६ जूनला, तीन महिन्यांच्या आत, डेक्सामेथासोनचा निकाल जगाला कळला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू एक तृतीयांशाने कमी. ब्रिटनमधली १७६ रुग्णालयं, छोटं पत्रक, एकच मोजमाप. स्टिरॉइड इथे जीव वाचवत होतं. पण त्याच चाचणीत, ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही. आपल्याकडे त्या काळात घरी बसलेल्या, ऑक्सिजन व्यवस्थित असलेल्या किती जणांना पहिल्याच दिवसापासून स्टिरॉइड दिलं गेलं, ते आठवून पाहावं. गाठीला लागू पडतं म्हणून माराला देणं आणि व्हेंटिलेटरवरच्याला लागू पडतं म्हणून घरातल्याला देणं, ही एकाच जातीची चूक आहे.

दरम्यान ब्रिटनमधला जखमी माणूसच बदलला आहे. टार्नच्या नोंदींत १९९० मध्ये मोठ्या दुखापतीच्या रुग्णाचं सरासरी वय ३६ होतं, २०१३ मध्ये ते जवळपास ५४ झालं. दोन मीटरहून कमी उंचीवरून पडणं, म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या घरात घसरणं, हे कारण ४.७ टक्क्यांवरून ३९.१ टक्क्यांवर गेलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारी सत्तरीतली बाई बाथरूममध्ये पडते, बोलते-चालते, तासाभराने मळमळ सांगते. तिला शिरेतून औषध देईपर्यंत किती वेळ जातो? म्हणून २०२१ मध्ये सुरू झालेल्या क्रॅश-४ मध्ये ५० वर्षांवरचे, सौम्य दुखापतीचे रुग्ण घेतात, आणि ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड स्नायूत टोचतात, तीन तासांच्या आत. प्रश्न पुन्हा एकच आहे: मेंदूतला रक्तस्राव वाढण्याआधी दिलेल्या या एका इंजेक्शनने किती जणांना रुग्णालयात दाखल होणं, ऑपरेशन किंवा मृत्यू टळतो.